पाण्यास वाट देणारी विद्या

इंजिनियरी विद्येचा इतिहास म्हटला, की आमच्या सुशिक्षित वर्गाच्या डोळ्यांपुढे इजिप्तचे पिरॅमिड, रोमचे जलमार्ग आणि विलायतेतील वाफेचे यंत्र उभे राहते. क्रमिक पुस्तकांनी आम्हांस तेवढेच शिकविले. परंतु या विद्येतील एक फार जुना प्रश्न असा आहे, की त्याचे उत्तर पाहण्यास कोल्हापूरकरांस आपला जिल्हा सोडून जावयास नको. चार महिने नदी उन्मत्त होऊन वाहते आणि उन्हाळ्यात तिच्या पात्रात खडक उघडे पडतात. हे पाणी धरावे कसे, आणि केव्हा धरू नये, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचा एक फार जुना लेखी पुरावा गिरनारच्या खडकावर आहे. तेथील सुदर्शन तलाव चंद्रगुप्त मौर्याच्या अमदानीत पुष्यगुप्ताने बांधविला आणि अशोकाच्या काळी तुषास्फाने त्यास पाट काढले. इसवी सन १५० च्या सुमारास अतिवृष्टीने तो बांध फुटला. खिंडार ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल पडले, असे रुद्रदामन क्षत्रपाचा संस्कृत लेख सांगतो. खिंडाराचा विस्तार पाहून मंत्र्यांनी हात टेकले, प्रजेत हाहाकार उडाला. तेव्हा सुविशाख नामक अमात्याने बांध पूर्वीपेक्षा तिप्पट बळकट केला. खर्च राजाच्या खजिन्यातून झाला. रयतेवर नवा कर बसविला नाही की वेठ लादली नाही, हे त्या लेखात अभिमानाने नमूद आहे. (आमच्या मते मूळ लेखात सर्वांत वाचनीय वाक्य हेच!) इतके होऊनही ४५५ साली, स्कंदगुप्ताच्या काळी, तो पुन्हा फुटला व चक्रपालिताने पुन्हा बांधला. आज तो तलाव नाही. भिंत अधिकाधिक जाड करीत जाणे हे पाण्यास पुरेसे उत्तर नव्हे, हेच या तीन राजवटींच्या खटाटोपावरून दिसते.

आता आमच्या भोगावतीकडे वळू. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी राजर्षी शाहू महाराजांच्या राज्याची कठोर परीक्षा पाहिली. त्यानंतर पाटबंधाऱ्यांकडे त्यांनी विशेष लक्ष घातले, आणि १९०७ च्या सुमारास सह्याद्रीच्या कुशीत मोठ्या धरणाची योजना हाती घेतली. तलावास महाराणी लक्ष्मीबाईंचे आणि नव्या गावास कन्या राधाबाईंचे नाव दिले. एका लहानशा संस्थानाने असे काम अंगावर घ्यावे, हे धाडसच होते. महाराज १९२२ साली निवर्तले तेव्हा काम अपुरे होते. ते पुरे होण्यास १९५० नंतरचे दशक उजाडावे लागले.

या धरणास सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीस चढले, की त्याच्याच दाबाने ते उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. अशा दरवाज्यांची कल्पना महाराष्ट्रास नवी नव्हती. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्यास स्वयंचलित दरवाजे १९०३ साली बसविले होते. भिंतीने कोठवर हट्ट धरावा, हे येथे पाणीच ठरविते.

परंतु आम्हांस याहून मोलाचा वाटतो तो कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. दिसावयास तो अगदी साधा. नदीच्या पात्रात दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत लाकडी बरग्यांच्या दोन ओळी, आणि दोन ओळींमध्ये चोपलेली माती. पावसाळा सरला की बरगे घालावयाचे, पुढचा पावसाळा तोंडावर आला की काढून घ्यावयाचे. पुराचे पाणी आणि गाळ दोन्ही खांबांमधून निघून जातात. खानदेशातील फड पद्धतीचे जुने बंधारे पक्के आहेत, वर्षभर पात्रात आडवे असतात. हा मात्र ऋतू पाहून वागतो. जुलै महिन्यात 'बंधारे पाण्याखाली' असा मथळा वाचून परगावचे लोक घाबरतात. वरून जाणारा रस्ता बंद होतो हे खरे. पण पाण्याखाली जाणे हा बंधाऱ्याचा पराभव नसून नेम आहे. शहरानजीकच्या राजाराम बंधाऱ्यावर तर आम्ही पंचगंगेची नाडी पाहतो: ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा त्या आकड्याकडे सारे शहर श्वास रोखून पाहत होते. एवढ्या पुरास अडविणे बंधाऱ्याचे काम नव्हे. अडथळा न होणे एवढेच त्याच्याकडून मागता येते.

धरण आणि बंधारे यांची जोडी आहे. राधानगरीचे पाणी नदीतच सोडतात. ते एकेका बंधाऱ्यामागे साठते, शेतकरी ते उपसून घेतो, आणि साठा उतरला की वरून पुन्हा पाणी येते. या पाण्यावर ऊस पिकला, गुळाची पेठ भरली. उपशासाठी मोटेच्या जागी ऑइल इंजिने आली, आणि ती घडविणारे कारागीर उद्यमनगरात नांदू लागले.

ही जोडी ध्यानात न घेता पुढे हाच बंधारा महाराष्ट्रात दूरवर नेण्यात आला. मराठवाड्यातील कित्येक नद्यांवर वरच्या अंगास भरवशाचे धरण नाही. तेथे बरगे लवकर घालावे तर परतीच्या पावसाचा लोंढा बंधाऱ्यास धक्का देतो, आणि उशिरा घालावे तर अडविण्यास पाणीच उरत नाही. कोठे लाकडी बरग्यांऐवजी लोखंडी दारे आली, ती गंजली किंवा चोरीस गेली. दगडी खांब तेवढे नदीत उभे आहेत. आराखडा नेणाऱ्यांनी खांब मोजून नेले. पण वरचे धरण, आणि वर्षातून दोनदा वेळेवर नदीत उतरणारी माणसे, ही काही आराखड्यात काढलेली नसतात.