मर्मराची कुळकथा
हृदयाच्या ठोक्यांमध्ये ऐकू येणारा मर्मर वैद्यकात नोंदला गेला तो रने लॅनेकमुळे. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात त्याने कागदाची सुरळी छातीला लावली आणि १८१९ च्या ग्रंथात भात्यासारखा आवाज वर्णिला. कान अचूक, कारण मात्र चुकले: आवाज स्नायूंच्या आकडीतून निघतो, असे त्याने मानले. पुढे डब्लिनच्या डॉमिनिक कॉरिगनने आणि लंडनच्या जेम्स होपने लक्ष रक्ताच्या वाहण्याकडे वळवले. १८८३ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची रेघ सोडून दाखवले, की वेग वाढला की सरळ रेघ मोडते आणि भोवरे उठतात. द्रवाचा चिकटपणा त्यांना आवरतो. मर्मर हा याच खळबळीचा आवाज मानला गेला; पण १९५९ मध्ये डोनाल्ड ब्रन्सने हरकत घेतली, की नुसत्या खळबळीला इतका आवाज नसतो. अडथळ्यामागे ठरावीक लयीत सुटणारे भोवरे तो निर्माण करतात. हरकत वजनदार आहे, पण तीही आवाजाचे मूळ प्रवाहातच शोधते.

म्हणूनच मोठा मर्मर म्हणजे मोठा आजार, हा घरोघरी भीती पसरवणारा समज टिकत नाही. हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधले छिद्र लहान असेल तर दाबातल्या फरकामुळे झोत वेगाने सुटतो आणि आवाज दणदणीत येतो. छिद्र फार मोठे असले तर दोन्हीकडचे दाब जवळ येतात आणि आवाज मंदावतो. रक्तक्षयात रक्त पातळ होऊन वेगाने धावते, तेव्हा निरोगी झडपांतूनही मर्मर उठतो. मग इकोच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याच्या, काळात छातीला कान का लावायचा? बेंगळुरूच्या बन्नेरघट्टा रोडवरच्या जयदेव हृदयरोग संस्थेतले काम याचे उत्तर देते. रुमॅटिक तापाने आकसलेल्या मायट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यांमधल्या, झडपा फुग्याने उघडण्यासाठी ही संस्था ओळखली जाते. एरवी चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडणारी ही झडप दीडच्या खाली आली, की डाव्या कुशीवर निजवलेल्या रुग्णाच्या छातीत खर्जातली गडगड ऐकू येते. इथे आवाजाच्या जोरापेक्षा त्याची लांबी बोलकी: झडप जितकी अरुंद, तितका दाबातला फरक जास्त वेळ टिकतो. हृदय थकून प्रवाहच घटला तर मात्र ही गडगडही विरते, आणि तिथे इकोवाचून भागत नाही. फुगा फुगवल्यावर झडपेची चिकटलेली पाती सुटतात, दाबातला फरक उतरतो, गडगड आखूड होते. पाते फाटलेच, तर झडप गळू लागून हृदयाच्या आकुंचनाच्या वेळी नवा मर्मर उठू शकतो. गळती किती, हे इकोवर मोजावे लागते.