एक लाखाची मोटार आणि दोन मोजपट्ट्या

मोटार-प्रदर्शनांत मांडली जाणारी बहुतेक संकल्पना-वाहने रस्त्यावर कधीच उतरत नाहीत. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रगती मैदानावर मात्र एक संकल्पना किंमत ठरवूनच अवतरली. ‘ऑटो एक्स्पो’मध्ये रतन टाटा यांनी ‘नॅनो’ सादर केली. मूळ मॉडेलची किंमत करांखेरीज एक लाख रुपये. भर पावसात एकाच स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून ही कल्पना सुचल्याचे त्यांनी सांगितले होते.

त्या एक लाखात मोटार बसवण्याचे काम पुण्यात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी केले. दोन सिलिंडरचे, सुमारे ६२४ घनसेंटिमीटरचे इंजिन मागे गेले. त्याचा थरकाप शमवण्यासाठी एक बॅलन्सर शाफ्ट आला. वायपर एकच राहिला, चाकाला चारऐवजी तीन नट पुरले. लांबी सुमारे ३.१ मीटर. ही काटकसर म्हणजे निव्वळ काटछाट नव्हती. प्रत्येक भागाला त्याच्या अस्तित्वाचे कारण विचारले गेले होते.

प्रदर्शनातील गर्दीने नॅनोची तुलना स्कूटरशी केली. त्या मोजपट्टीवर ती निःसंशय श्रेष्ठ होती. दुसरी मोजपट्टी प्रयोगशाळेत होती. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ने ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतलेल्या समोरासमोरच्या धडकेच्या चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर केले. एअरबॅग नसलेल्या नॅनोला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्याच फेरीतील इतर चार लोकप्रिय मोटारींची एअरबॅगविरहित मॉडेलेही शून्यावरच राहिली.

यामागचे भौतिकशास्त्र सोपे, पण कठोर आहे. ताशी ६४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७.८ मीटर. प्रवासी अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला, तर सरासरी मंदन गुरुत्वीय त्वरणाच्या ३२ पट होते; अंतर निम्मे झाले, तर ६४ पट. सांगाडा भक्कम ठेवून पुढचा भाग नियंत्रितपणे चुरगळू देणे, पट्टा आणि एअरबॅग, हे सारे त्या काही सेंटिमीटरांसाठी असते. किंमत माणूस ठरवतो. थांबण्याच्या अंतराला सवलत नाही.

सिंगूरहून साणंदला हलवावा लागलेला कारखाना, लांबलेले उत्पादन आणि ‘सर्वांत स्वस्त’ या बिरुदाचे ओझे यांनीही नॅनोला मागे खेचले. जून २०१८ मध्ये केवळ एक नॅनो तयार झाली. जुलै २०१९ पासून देशात चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. दुसरी मोजपट्टी कायद्यात आली.

स्कूटरवरचे ते कुटुंब मात्र अजून रस्त्यावरच आहे. २०२२ साली भारतात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे रस्ते-अपघातांत दगावली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती. नॅनोचे उत्तर अपुरे ठरले, तरी तिने विचारलेला प्रश्न बरोबर होता.