सदोष नाणे : टांकसाळीची चूक की नंतरची झीज?

सुट्या पैशांत आलेल्या रुपयावरील छाप तिरका दिसला की त्याचे लाखो रुपये मिळतील, अशी आशा दाखविणाऱ्या जाहिराती इंटरनेटवर सर्रास आढळतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला होता. जुन्या नोटा व नाण्यांच्या व्यवहारासाठी बँकेच्या नावाने शुल्क, कमिशन वा कर मागितला जात असल्याचे तेव्हा उघड झाले होते. बँक असे व्यवहार करीत नाही आणि तिने कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही. सदोष नाण्यांना संग्राहकांत मागणी असते, हे मात्र खरे. दोष प्रेसमध्ये निर्माण झाला की नाणे चलनात आल्यानंतर, यावर सारे अवलंबून असते.

टांकसाळीत धातूच्या पट्टीतून चकत्या कापल्या जातात, त्यांची कड उंचावली जाते आणि कड्यात बसविलेल्या चकतीवर दोन्ही बाजूंनी ठसे दाबले जातात. यातील प्रत्येक टप्प्यावरची चूक आपली वेगळी खूण मागे ठेवते. पट्टीत आधीच पडलेल्या छिद्रावर कातर पुन्हा बसली, तर चकतीचा चंद्रकोरीएवढा तुकडा कमी होतो. अशा नाण्याची समोरची कडही बहुधा दबलेली व अस्पष्ट असते. कानशीने घासलेल्या नाण्याची समोरची कड शाबूत राहते आणि लबाडी उघडी पडते.

आधीचे नाणे प्रेसमध्येच अडकून पुढच्या चकतीवर दाबले गेले, तर तिच्या एका बाजूला तेच चित्र उलटे आणि खोलगट उमटते. संग्राहक त्याला ‘ब्रोकेज’ म्हणतात. दोन नाणी शेगड्यात दाबूनही असा देखावा करता येतो. मात्र त्यात मूळ छापाचे अवशेष खाली दिसतात आणि दुसरी बाजू चेपलेली असते. नवख्या ग्राहकाची फसगत सर्वाधिक होते ती येथेच.

ठसा फिरला आहे काय, हे घरीही तपासता येते. भारतीय नाण्यांच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने उभ्या असतात. सिंहमुद्रा सरळ धरून पुस्तकाचे पान उलटावे तसे नाणे फिरवले, तर मागचा आकडाही सरळच दिसायला हवा. किंचित कलाला फारसे मोल नाही. आकडा पूर्ण उलटा दिसला तर संग्राहक थांबून पाहतो. (अमेरिकी नाण्यांची मांडणी मुळातच उलटी असते, तेव्हा परदेशातून आलेल्या नाण्याला हा निकष लावू नये.) नाण्यावरील बारीक रेघ उंचावलेली असेल तर ती ठशाला गेलेल्या तड्याची असते, खोल असेल तर तो केवळ ओरखडा. तड्याची नाणी मात्र विपुल आहेत.

दहा रुपयांच्या द्विधातू नाण्याचे कडे व गाभा ठसा उमटतानाच एकमेकांत घट्ट बसतात. गाभा सरकलेला असूनही छाप दोन्ही धातूंवर सलग उमटला असेल, तर दोष टांकसाळीचा. छाप सांध्यावर तुटला असेल, तर गाभा कोणीतरी नंतर काढून बसवला असावा, असे समजावे.

काही ‘दोष’ तर दोषच नसतात. सर्वसाधारण चलनी नाण्यांवर वर्षाखाली चौकट असेल तर ते मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे. कोलकाता टांकसाळ चिन्ह वापरत नाही. त्यामुळे तेथे चिन्ह ‘गहाळ’ झालेले नसते. दहा रुपयांच्या चौदा नक्षी प्रचलित असून त्या सर्व ग्राह्य असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८मध्ये स्पष्ट केले. रुपयाचे चिन्ह नसलेले नाणेही त्यात आले. वैष्णोदेवीचे चित्र असलेली २०१२ची नाणी लाखांना विकली जातात, ही आवईही तशीच.

किंमत ठरते ती दोष किती ठळक आणि किती विरळ आहे, यावर. छाप अर्धाअधिक सरकलेला, पण वर्ष व टांकसाळीचे चिन्ह दिसत असलेले नाणे, वर्षच कापले गेलेल्या नाण्यापेक्षा अधिक भाव घेते. भाव पाहताना विक्रेत्याने मागितलेला आकडा नव्हे, तर लिलावात सौदा पूर्ण झालेला आकडा पाहावा. दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर असते. चिंच वा पॉलिश लावून चकाकवलेले नाणे जाणकार बाजूला ठेवतात. नाणे मुद्दाम कापणे वा वितळवणे टाळलेलेच बरे, कारण विद्रूप नाणे २०११च्या नाणे कायद्यानुसार चलन म्हणून ग्राह्य राहत नाही, आणि वितळवणे हा त्याच कायद्याखाली गुन्हा आहे.