उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

येशू ख्रिस्ताच्या क्रुसावरील मरणाचा स्मरणदिन. ईस्टरपूर्वीचा शुक्रवार (पहा : ईस्टर).

उगम : चौथ्या शतकात जेरूसलेममध्ये या दिवशी क्रूसवंदन होत असे. भारतात पोर्तुगीज राजवटीत कॅथलिक विधी गोवा व वसईत रुजले.

वैशिष्ट्ये : कॅथलिक चर्चमध्ये या दिवशी मिस्सा (ख्रिस्तयाग) अर्पण होत नाही. वेदीवरील वस्त्रे, मेणबत्त्या काढलेल्या असतात. घंटेऐवजी लाकडी फळी वाजवतात. दुपारी तीनच्या सुमारास ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या वृत्तांताचे वाचन, क्रूसवंदन व ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) हा विधी होतो. कॅथलिक उपवास करतात. मांसाहार वर्ज्य असतो. गोव्यात मृत ख्रिस्ताच्या मूर्तीची मिरवणूक निघते. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत क्रुसावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात.

महत्त्व : ख्रिस्ताचे मरण हे मानवाच्या तारणासाठीचे बलिदान मानले जाते. थॉमस स्टीफन्सने क्रिस्तपुराणात (१६१६) ख्रिस्ताच्या मरणाची कथा मराठी ओवीत आणली.