दोन भाषांचे मैदान

बेसबॉल हा आपला खेळ नव्हे. शाळेच्या पटांगणावर कधीमधी दिसणारा सॉफ्टबॉल, एवढाच आपला त्याच्याशी परिचय. तरीही कॅनडातल्या माँट्रियल शहराच्या 'एक्स्पोज' या संघाच्या पहिल्या दिवसांची हकिगत सीमाभागातल्या वाचकांना सांगावी असे मला फार दिवस वाटत होते. ज्या गावात दुकानाची पाटी कोणत्या भाषेत असावी यावरून माणसे रस्त्यावर येतात, त्या गावात एक नवा संघ जन्माला आला, आणि तो दोन्ही भाषांत बोलू लागला. आपल्या कानांना ही गोष्ट अनोळखी वाटू नये.

माँट्रियलला बेसबॉल नवा नव्हता. 'रॉयल्स' हा तिथला दुय्यम दर्जाचा जुना संघ. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने १९४६ साली याच संघातून खेळून पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या प्रमुख स्पर्धेची वर्णबंदी मोडली. माँट्रियलकरांनी त्याला डोक्यावर घेतले होते. पण १९६० च्या हंगामानंतर रॉयल्स गेले आणि मैदान ओस पडले. मग १९६७ चे जागतिक प्रदर्शन, 'एक्स्पो ६७', भरले. शहराचा आत्मविश्वास वाढला, आणि महापौर झाँ द्रापो यांना आता प्रमुख स्पर्धेतलाच संघ हवा होता. २७ मे १९६८ रोजी नॅशनल लीगने माँट्रियल आणि सॅन दिएगो यांना नवे संघ दिले. अमेरिकेबाहेरच्या शहराला असा संघ प्रथमच मिळत होता. प्रवेशाची किंमत एक कोटी डॉलर. प्रदर्शनावरूनच संघाला नाव मिळाले. ते फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीत सारखेच लिहिले जाते, ही त्यातली सोय.

पैसा मात्र वेळेवर उभा राहीना. ज्या फ्रेंचभाषक धनिकावर भिस्त होती तो मागे हटला. अखेर सीग्रॅम या मद्यव्यवसायाच्या घराण्यातले चार्ल्स ब्रॉन्फमन पुढे आले. म्हणजे मालकी इंग्रजीभाषकाची, आणि शहरातले बहुसंख्य लोक फ्रेंच. हे चित्र माँट्रियलमध्ये पेढ्यांपासून कारखान्यांपर्यंत सगळीकडेच होते, आणि तिथल्या असंतोषाचे मूळही तेच.

मैदानाचीही पंचाईत होती. शहराच्या उत्तर भागात जॅरी पार्क नावाचे हौशी खेळाडूंचे मैदान होते, जेमतेम तीन हजार माणसे बसतील एवढे. फ्रेंच लोक त्याला पार्क झारी म्हणत. १९६८ च्या ऑगस्टमध्ये द्रापोंनी लीगचे अध्यक्ष वॉरन जाइल्स यांना तिथे नेले, तेव्हा प्रेक्षकांनी पाहुण्यांना ओळखून टाळ्यांचा कडकडाट केला. म्हातारा विरघळला. हिवाळ्यात बांधकाम करून सुमारे अठ्ठावीस हजारांची आसने उभी राहिली. उजव्या कुंपणापलीकडे सार्वजनिक पोहण्याचा तलाव होता. जोरदार फटका त्यात जाऊन पडे. छप्पर असलेले भव्य स्टेडियम १९७१ पर्यंत देऊ, असे आश्वासन होते. जॅरी पार्क सुटायला १९७७ साल उजाडले. सरकारी आश्वासनांचे हवामान सगळ्या देशांत सारखेच!

खेळाडू इतर संघांनी न राखलेल्यांतून निवडायचे होते: तीस जण, दर माणशी दोन लाख डॉलर. अशा खोगीरभरतीकडून काय होणार? पण ८ एप्रिल १९६९ ला न्यूयॉर्कमध्ये पहिलाच सामना त्यांनी ११-१० असा जिंकला. १४ एप्रिलला जॅरी पार्कवर सेंट लुईस कार्डिनल्सना ८-७ ने हरवले. २९,१८४ माणसे आली होती. तीन दिवसांनी बिल स्टोनमन या गोलंदाजाने फिलाडेल्फियाला संपूर्ण सामन्यात एकही निर्भेळ फटका मिळू दिला नाही. असा पराक्रम कित्येक संघांच्या वाट्याला वर्षानुवर्षे येत नाही. यांच्या नवव्याच सामन्यात आला.

आता त्याच महिन्यांतले शहर पाहा. १३ फेब्रुवारीला शेअरबाजाराच्या इमारतीत फुटीरतावाद्यांचा बॉम्ब फुटला होता. २८ मार्चला मॅकगिल विद्यापीठ फ्रेंच करा, अशी मागणी करीत हजारोंचा मोर्चा निघाला. सेंट लिओनार्ड उपनगरात स्थलांतरितांच्या मुलांनी कोणत्या माध्यमात शिकावे, यावर रण माजले होते. आणि जॅरी पार्कवर निवेदक क्लोद मूतों प्रत्येक खेळाडूचे नाव दोन्ही भाषांत पुकारीत होता. जॉन बोकाबेला या यष्टिरक्षकाचे नाव तो असे लांबवी, की लोक त्या आरोळीचीच वाट पाहत.

रेडिओवर फ्रेंच शब्द रोज ऐकू येऊ लागले. चेंडू टाकणारा 'लांसर', फटकावणारा 'फ्रापर', दूरचा क्षेत्ररक्षक 'व्होल्तिझर', कुंपणापार गेलेला फटका 'सिर्क्वी'. हवेत डुलत येणाऱ्या फसव्या चेंडूला 'फुलपाखरी चेंडू' असे नाव होते, मूळ इंग्रजी शब्दापेक्षा कितीतरी देखणे. हे सगळे शब्द त्याच वर्षी घडले असे नाही. क्वेबेकच्या खेड्यापाड्यांत बेसबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळला जात होता. पण हंगामभर ते घराघरांत पोचले ते आता. बाळ ज. पंडितांचे मराठी क्रिकेट समालोचन ज्यांनी ऐकले आहे, त्यांना यातले सुख वेगळे सांगायला नको. आपला शब्द खेळाच्या वेगाने धावू शकतो, हे कानांनी पटावे लागते.

खेळाडू बहुतेक अमेरिकन, फ्रेंचचा गंध नसलेले. त्यांच्यात रस्टी स्टॉब होता, तांबड्या केसांचा, सर्वांत गुणी. लोकांशी बोलता यावे म्हणून तो शिकवणी लावून फ्रेंच शिकला. शहराने त्याला 'ल ग्राँ ओरांज', म्हणजे थोरला नारिंगी, हे नाव दिले. तेव्हा तो तिथे सलग तीनच हंगाम होता. १९७२ च्या एप्रिलमध्ये संघाने त्याला न्यूयॉर्कला देऊन टाकले. तरीही १९९३ साली त्याचा दहा क्रमांक सन्मानाने निवृत्त केला गेला. अस्सल क्वेबेकी गोलंदाज क्लोद रेमों १९६९ च्या ऑगस्टमध्ये आला, तेव्हा त्याच्या स्वागताला वेगळीच धार होती.

आणि खेळ? मेच्या मध्यापासून सलग वीस सामने हरले. वर्षअखेर ५२ विजय, ११० पराभव. तरीही बारा लाखांहून अधिक माणसे जॅरी पार्कला येऊन गेली.

संघ २००४ च्या हंगामानंतर वॉशिंग्टनला गेला. त्याची कारणे पैशाची, स्टेडियमची, मालकांची, आणि ती कहाणी वेगळी. १९७२ पासून अखेरपर्यंत एक्स्पोजचे फ्रेंच समालोचन करणारे झाक दुसे काही वर्षांनी पुन्हा ध्वनिक्षेपकासमोर बसले. संघ आता टोरांटोचा होता, इंग्रजी शहराचा. शब्द तेच होते: लांसर, फ्रापर, सिर्क्वी.