जुन्या सर्व्हरला नवी डिस्क दिसत का नाही?

जुन्या लेथला नवी मोटर बसवून तो आणखी काही वर्षे चालवणे, यात कोल्हापूरच्या उद्यमनगरात कोणाला नवल वाटणार नाही. सांगाडा दणकट असेल तर यंत्र भंगारात का घालावे? २००९ ते २०१२ च्या सुमारास बनलेल्या रॅक सर्व्हरांबाबत जगभर हाच विचार झाला. प्रोसेसर पुरेसे, मेमरी भरपूर; मंद होत्या त्या फक्त डिस्क. मात्र येथे अडसर वेगाचा नव्हता, ओळखीचा होता.

फिरत्या डिस्कचे वाचनशीर्ष एका वेळी एकाच जागी असते. त्यामुळे २००४ च्या एएचसीआय पद्धतीत आज्ञांची एकच रांग होती आणि तीत जास्तीत जास्त ३२ आज्ञा मावत. फ्लॅश मेमरीला वाचनशीर्षच नसते. तिच्यासाठी मार्च २०११ मध्ये एनव्हीएमई हे नवे मानक प्रसिद्ध झाले. त्यात रांगांची मर्यादा ६५ हजारांच्या घरात गेली आणि डिस्क थेट पीसीआय एक्स्प्रेसला जोडली गेली.

पीसीआय एक्स्प्रेसच्या जुन्या खाचेत नवे कार्ड चालते. साध्या अडॅप्टरवर बसवलेल्या एनव्हीएमई डिस्कला दुसऱ्या पिढीच्या चार मार्गिकांवरही सेकंदाला सुमारे २,००० मेगाबाइट वाट मिळते. त्या काळच्या ३ गिगाबिट साटा जोडणीत जेमतेम ३०० मिळत. लिनक्सच्या गाभ्यात तर २०१२ पासूनच एनव्हीएमईचा ड्रायव्हर आहे. मग अडले कुठे?

वीज सुरू होते त्या क्षणी. जुन्या सर्व्हरमधील बायोसची वंशावळ १९८१ च्या आयबीएम पीसीपर्यंत जाते. ज्या कार्डाला त्याच्यापुढे डिस्क म्हणून उभे राहायचे असेल, त्याने स्वतःचा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ऑप्शन रॉम, सोबत आणावा अशी त्याची रीत. बहुतेक एनव्हीएमई डिस्कमध्ये तो नसतो. सॅमसंगच्या २०१५ मधील ९५० प्रोमध्ये तो होता; पुढच्या ९६० प्रोमध्ये नव्हता. परिणाम विचित्र होता: ऑपरेटिंग सिस्टिम जागी झाली की डिस्क वापरता येई, पण त्याच डिस्कवरून तिला जागे करता येत नसे. एचपीच्या प्रोलायंट मालिकेत बायोसची जागा घेणारे यूईएफआय सर्वसाधारणपणे २०१४ च्या नवव्या पिढीपासून आले. त्याआधीचे सर्व्हर मागेच राहिले.

तोडगा निघाला तो अगदी वेगळ्याच मंडळींकडून. ॲपलची ऑपरेटिंग सिस्टिम साध्या संगणकांवर चालवू पाहणाऱ्या हौशींनी क्लोव्हर नावाचा बूटलोडर घडवला होता. तो बायोसवर चालणाऱ्या यंत्रात यूईएफआयसारखे वातावरण उभे करतो. अनेक सर्व्हरांच्या पोटात हायपरव्हायझरसाठी यूएसबीची एक खाच असतेच. तीत क्लोव्हरचा पेन ड्राइव्ह खोचायचा: बायोस पेन ड्राइव्ह ओळखतो, क्लोव्हर एनव्हीएमईचा ड्रायव्हर चढवतो आणि पुढचा कारभार नव्या डिस्ककडे सोपवतो. पेन ड्राइव्ह निकामी झाला तर माहिती सुरक्षित राहते, पण सर्व्हर उठत नाही. म्हणून त्याची दुसरी प्रत जवळ ठेवावीच लागते.

एका कार्डावर चार डिस्क बसवण्याचा मोह मात्र महाग पडतो. सोळा मार्गिकांची चार-चार अशी वाटणी जुन्या बोर्डांना सहसा येत नाही. तेव्हा स्वतःची स्विच चिप असलेले, बरेच महाग कार्ड घ्यावे लागते. शिवाय डेलचे काही सर्व्हर अनोळखी कार्ड दिसताच पंख्यांचा वेग वाढवतात, कारण त्या कार्डाला किती गारवा लागेल हे त्यांना कळत नाही.