मोरवेल, हिमालयी
(क्लेमॅटिस मोंटाना, कुल : रॅनन्क्युलेसी). वसंतात फुलणारी ही काष्ठमय पानझडी वेल मूळची हिमालयातील असून सह्याद्रीतील रानजाई याच प्रजातीतील आहे. लेडी ॲमहर्स्ट यांनी ती 1831 मध्ये ब्रिटनला नेली. वेल 6–12 मी. वाढते व पानांचे देठ आधाराभोवती वेटाळून वर चढते. पाने संयुक्त व त्रिदली असतात. फुले पांढरी किंवा गुलाबी, सुमारे 5 सेंमी. व्यासाची असून पाकळ्यांसारखी दिसणारी चार दले वस्तुतः संदले होत. काही प्रकारांना व्हॅनिलासारखा वास येतो.

लागवडीस थंड हवामान, निचऱ्याची सकस जमीन, शेंड्याला ऊन व मुळांना सावली लागते. त्यासाठी बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन करतात किंवा सपाट दगड ठेवतात. भिंतीवर चढविल्यास तारा ताणून आधार देतात. कळ्या मागील वर्षीच्या फांद्यांवर येतात. म्हणून छाटणी बहर ओसरताच करतात. हिवाळ्यात छाटल्यास त्या वर्षीचा बहर जातो. अभिवृद्धी दाब कलमाने किंवा अर्धपक्व छाटकलमांनी होते. पाणी साचल्यास मुळे कुजतात. रसाने त्वचेचा दाह होत असल्याने छाटणीवेळी हातमोजे वापरतात.